कुलूपअप्पाचं टोपण

राजेश्वर गावच्या शिवारात, डांबरी रस्त्याला लागून असलेल्या पत्र्याच्या मंडपात दर गुरुवारी मुंगीला शिरायला जागा नसे. बसवकल्याणकडून जीपा भरून येत, उमरग्याच्या बसमधून म्हातारी माणसं उतरत, आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळत. तिथं ना मूर्ती होती, ना समाधी. होती एक जुनी पांढरी मोटार. बॉनेटवर भस्माचे पट्टे, आरशांना झेंडूचे हार आणि मागच्या अंगाला पेट्रोलच्या टाकीचं कुलपाचं टोपण, हळदीकुंकवानं माखलेलं.

त्या टोपणाला किल्ली नव्हती. ती आपण हिमालयात विसर्जित केली, असं कुलूपअप्पा सांगत. पूर्वी हेच अप्पा हावगेप्पा या नावानं जुन्या मोटारींची दलाली करत, पण ते आता कुणी बोलत नसे.

"देह म्हंजे मोटार!" गळ्यात अडकवलेल्या माइकमधून अप्पांचा आवाज घुमायचा. "रोग म्हंजे कर्माचं कुलूप! डॉक्टर काय करायलाय? बाहेरून पत्रा पुसायलाय! कुलूप कोण काढणार?"

"अप्पा!" मंडप गर्जायचा.

मग रोग्यानं स्वतः टोपण फिरवून बघायचं. ते गरगर फिरायचं, पण निघायचं नाही. मग अप्पा डोळे मिटून त्यावर तळहात ठेवायचे. अर्धं कानडी, अर्धं संस्कृत आणि उरलेलं कुठल्याच भाषेतलं नसलेलं काहीतरी पुटपुटायचे. खट्! टोपण हातात. "सुटलं! आजपासून गोळी न्हाई, सुई न्हाई!" बायका डोळे पुसायच्या.

त्या गुरुवारी पुढच्या रांगेत पंचशीला मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. ती बसवकल्याणच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. तिच्या वडिलांच्या, तात्यारावांच्या नावानं हे टोपण याच जागी उघडलं होतं.

तात्यारावांना साखर होती. रोजच्या सुईला ते कंटाळले होते. जन्मात मनगटाला दोरा न बांधलेला हा माणूस कुणाच्यातरी नादानं इथं आला आणि घरी हसत गेला. "पंचे, माझं कुलूप सुटलं बघ!" ती भांडली, रडली. मग लेकीच्या समाधानासाठी ते "घेतली गं सुई" म्हणू लागले आणि औषध गुपचूप मोरीत ओतू लागले. खरं कळलं तेव्हा ते बेशुद्ध होते. बीदरच्या वाटेवरच गेले.

जाब विचारायला ती मंडपात आली, तेव्हा अप्पांनी माइकवरूनच सांगितलं, "तात्यारावाच्या घरातच अविश्वास होता. पोरीच्या संशयानं कुलूप पुन्हा बसलं."

बाप मारला होता, आणि मारल्याचा ठपका तिच्यावर ठेवला होता. त्या दिवसापासून पंचशीलाच्या पोटात निखारा होता. हा माणूस तुरुंगात जावा एवढ्यानं तिचं भागणार नव्हतं. याच मंडपात, याच माणसांसमोर तो उघडा पडायला हवा होता.

वाट सापडली ती पेट्रोल पंपावर. तात्यारावांची मोटारही त्याच जातीची, तितकीच जुनी. पेट्रोल भरायला उतरली तर किल्ली नुसतीच फिरली, टोपणही गरगर फिरलं. मागून हॉर्न वाजायला लागले. सगळा संताप हातात उतरला, तिनं तळव्यानं टोपण दाबलं आणि पिरगाळलं.

खट्!

तो आवाज तिनं ओळखला. 

घरी येऊन तिनं टोपण खोललं. आई, पार्वतीबाई, दारात आली. "काय करायलीस गं?"

"तात्याला कशानं मारलं ते बघायलेय."

आत गुपित असं काहीच नव्हतं. वरची टोपी मोकळी फिरते, खाली दाते असतात. कुलूप लावलं की मधे पितळेची छोटी जीभ आडवी येते आणि दाते एकमेकांत बसत नाहीत. ती जीभ झिजून तुटली होती. आता दाबून फिरवलं की दाते बसत आणि टोपण उघडत होतं. न दाबता फिरवलं की नुसतं गरगरत होतं. बीदरच्या भंगार बाजारातून तिनं दुसरं टोपण आणलं, त्यातली जीभ काढली, कानस मारून आपल्या टोपणात बसवली, त्याचंच कुलूप आणि किल्ली घातली. कितीही दाबलं तरी आता उघडेना. किल्ली फिरवली की उघडे. पंचशीला हसली. ते हसू बघून पार्वतीबाईला भीती वाटली.

आता मंडपात वच्छलाबाई नावाची एक बाई लेकीला, ज्योतीला, घेऊन पुढं झाली. पोरीला फिट्स येत. पोरीनं टोपण फिरवलं, ते गरगरलं. अप्पा हात उचलणार, तोच पंचशीला उभी राहिली.

"अप्पा, आधी मी. तात्यारावाची पोर."

अप्पांना आयतंच सावज मिळालं. "बघा! संशय स्वतः चालत आला! फिरव, बाई, फिरव!"

तिनं फिरवलं. टोपण गरगरलं, लोक हळहळले. मग तिनं तळहात टेकवला, अंगाचा भार टाकला आणि फिरवलं. खट्!

मागच्या रांगा उठून उभ्या राहिल्या.

"मंत्र न्हाई म्हटला मी," ती म्हणाली.

अप्पा दचकले, पण दलालाची जीभ ती. "ही माझीच कृपा! नास्तिकाच्या हातूनसुद्धा..."

"मग अजून एकदा करा कृपा." तिनं पिशवीतून आपलं दुरुस्त केलेलं टोपण काढलं, टाकीवर बसवलं, कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत धरली. "गाडी तुमची, टाकी तुमची, हात तुमचा. ह्या पोरीच्या नावानं उघडा."

आता माघार नव्हती. अप्पांनी दाबलं. गरगर. मंत्र चढला. गरगर. चेल्यानं घाईनं भजन लावलं, तर लोकच ओरडले, "बंद कर रे!" कपाळावरचं भस्म घामानं नाकावर ओघळलं.

"दाबा, अप्पा," पंचशीला शांतपणे म्हणाली. "जोरात दाबा. माझ्या बापाच्या नावानं दाबा."

दोन्ही हात टेकून अप्पा वाकले आणि तिच्या कानाशी कुजबुजले. गळ्यातल्या माइकमधून ती कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत गेली.

"किल्ली दे, बाई. पाया पडतो."

आधी कुणीतरी हसलं. मग मंडप उसळला. पंचशीलानं पिशवीतल्या पेचकसानं अप्पांचं जुनं टोपण खोललं, उंच धरलं, आतली तुटकी जीभ दाखवली, दाते दाखवले, सगळं सांगितलं. काही जणांनी दगड उचलले.

"मारू नका!" ती ओरडली. दया म्हणून नव्हे. "मार खाल्ला तर उद्या पट्टी बांधून संत होईल हा. चौकीत चला, साक्ष द्या. ज्याच्या त्याच्या घरात काय झालं ते त्याच्या तोंडावर सांगा."

गर्दीतून एक म्हातारा पुढं आला. "माझी बायकू..." एवढंच म्हणाला आणि तिच्या मागं उभा राहिला. मग दुसरा. मग एक बाई.

वच्छलाबाई मात्र हलेना. "अक्का, खरंच चमत्कार असा काही न्हाईच का?"

"चमत्कार म्हणून कुणी काही दाखवलं, तर एकच म्हणायचं, मला करून बघू दे. करू देत नसंल तर उठायचं. करू दिलं तर नीट, सगळ्या बाजूंनी बघायचं. आणि औषध टाक म्हणणाऱ्याच्या दारात पुन्हा पाय ठेवायचा न्हाई. हिच्या गोळ्या चालू हायत का?"

वच्छलाबाईची मान खाली गेली. "बंद केल्यात."

"कामून?"

"कुलूप सुटणार म्हणून."

वच्छलाबाईनं पदर खोचला आणि ज्योतीचा हात घट्ट धरला. "उठ गं. दवाखाना बंद व्हायच्या आत पोचायचंय."