वाचून दाखवायचे पुस्तक

मित्रांनो, मी बेलवलीतल्या एका घरातले जुने चित्रांचे पुस्तक आहे. पत्र्याच्या पेटीत नव्या साड्यांखाली मला जपून ठेवतात. एवढा मान मिळूनही मी सुखी नाही.

माझ्या पानांवर मुलीच मुली आहेत. एक विमान चालवते, एक न्यायाधीश आहे, एक पांढरा कोट घालून प्रयोगशाळेत काचेची नळी उजेडात धरते. चौथीतली वेणू वाचनस्पर्धेत पहिली आली, म्हणून शाळेने मला तिच्या हाती दिले. तिचे वडील हरिचंद्र अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला होते. पांढरा कोट पाहून ते कौतुकाने म्हणाले, "आमचे कंपनीत पन अशी येक म्याडम हाय. सायबसुदा तिला इचारून माल काढतो."

झाले! वेणूने तेच पान धरून ठेवले. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पाणी घालून ती उजेडात धरायची. मला हसू यायचे, अभिमानही वाटायचा.

१९८९ साली ती दहावी पास झाली, फर्स्ट क्लासमध्ये. कॉलेजचा फॉर्म आणायचा होता, तोच तिला पाहायला पाहुणे आले. पोहे संपवून मुलाचे काका म्हणाले, "पोरीला जरा वाचून दाखवू द्या." शाळेची पुस्तके शेजारी देऊन टाकली होती. आईने, गोदूबाईने, मलाच पुढे केले.

ते पान वेणूने स्वतः उघडले. वडिलांकडे पाहत तिने एकेक शब्द ठासून वाचला, "मी मोठी झाले की प्रयोगशाळेत काम करीन." आता तरी तिला कुणी काही विचारेल, असे वाटले.

"वाचन येकदम साफ हाय," काका खूश होऊन म्हणाले. "उद्या घरातल्या पोरांचा अभ्यास घेईल. आमाला पसंत हाय."

हरिचंद्रांनी खाली पाहतच पानाचे तबक पुढे सरकवले. मग सुपारी फुटली.

सासरी जाताना वेणूने मला नेले नाही. "या पुस्तकावर वेनूचं जमलं," असे गोदूबाई सगळ्यांना सांगते. आता कुणाच्या मुलीला पाहायला येणार असले की शेजारणी मला मागून नेतात. किती मुलींच्या हातांना सुटलेला घाम माझ्या पानांत मुरला आहे, काय सांगू!

मित्रांनो, मला फाडू नका, असे मी म्हणत नाही. फाडलेत तरी चालेल. फक्त मुलगी वाचत असताना ती काय वाचते आहे, तेही ऐका.

वेणूची धाकटी बहीण विठा आता चौथीत आहे. काल मला वाचताना ती पांढऱ्या कोटाच्या पानाशी थांबली.

"थांबलीस का गो? मोठ्यानं वाच!" गोदूबाई चुलीजवळून ओरडली.

विठाने मोठ्याने वाचले. फार साफ वाचते ती.