अण्णांचं पान

पाटीवर अस्वलाचं चित्र होतं आणि खाली चार सूचना. खाण्याच्या सगळ्या वस्तू लोखंडी पेटीत ठेवा. अस्वल दिसलं तर पळू नका. त्याला पाठ दाखवू नका. शांत आवाजात बोलत राहा आणि हळूहळू मागे सरका.

मनोहरराव घाट्यांनी ती पाटी दोनदा वाचली. "शांत आवाजात बोलायचं ना? पस्तीस वर्षं दुसरं काय केलंय मी? त्यालाही शंभरापासून उलटे आकडे मोजायला लावीन."

मनोहरराव भूलतज्ज्ञ होते, ट्रॉय शहरातल्या इस्पितळातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. भल्याभल्यांना त्यांनी नुसत्या आवाजावर झोपवलं होतं. पण आत्ताचा विनोद त्यांच्या स्वतःवरच चालला नाही, आणि ते शुभाताईंच्या लक्षात आलं. पस्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं कोणतं हसू खरं आणि कोणतं उसनं, एवढं तर कळतंच.

ही सायकलची हौस मनोहररावांची. ट्रॉयच्या सहापदरी रस्त्यांवर सायकल काढायची म्हणजे यमाला हाक मारणं. म्हणून मग पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातला हा रस्ता शोधून काढलेला. एके काळी इथून कोळशाच्या गाड्या जायच्या. आता रूळ उचलून बारीक खडी अंथरली होती आणि मोटारींना बंदी होती. तंबू, स्टोव्ह, कपडे सायकलींवर लादायचे आणि तीन दिवस जंगलातून जात राहायचं. २००७ चा ऑक्टोबर होता, झाडं लालभडक झाली होती, आणि सकाळपासून त्यांना एकही माणूस भेटलेला नव्हता. हाच या रस्त्याचा गुण म्हणून मनोहरराव गेला महिनाभर सगळ्यांना सांगत होते. आता त्याच गुणाची त्यांना भीती वाटायला लागली होती.

शुभाताईंचं म्हणणं पहिल्यापासून वेगळं होतं. "अहो, पक्ष चालू आहे. अण्णांची सप्तमी नेमकी मधल्या दिवशी येतेय. ट्रिप पोस्टपोन करू."

"बुकिंग नॉन-रिफंडेबल आहे. आणि अण्णांचं पान काय, जंगलातही ठेवता येतं. उलट कावळे तिथेच जास्त."

त्यामुळे सायकलच्या पिशवीत तांदूळ, तुपाची बाटली, खिरीसाठी आटीव दुधाचा डबा आणि घरून तळून आणलेले उडदाचे वडे असा जामानिमा आला होता. ट्रॉयला ते दरवर्षी घरामागच्या डेकवर ताटली ठेवत. कावळा क्वचितच यायचा, खार मात्र पाच मिनिटांत हजर व्हायची. परदेशात खारीलाच कावळा समजायचं, असं मनोहररावांनीच ठरवून टाकलं होतं. पान शिवलं गेलं की मग घरातल्यांनी जेवायचं. त्याआधी कोणी घास तोंडात घालायचा नाही. घाट्यांच्या घरात हा नियम कधी मोडला नव्हता.

आज मुक्कामाच्या जागी त्यांनी बारा वाजता ओढ्याकाठच्या एका सपाट दगडावर स्टीलची ताटली ठेवली. भात, खीर, वडे, वर तुपाची धार. कावळा लगेच आला. चांगला थोराड, काळाकुळकुळीत, अगदी हवा तसा. फांदीवर बसला, मान वाकडी करून ताटलीकडे बघत राहिला, पण खाली उतरेना. एक वाजला, दीड वाजला.

"अण्णांची काहीतरी इच्छा राहिलीय," शुभाताई म्हणाल्या.

"शुभा, प्लीज."

"काय राहिलीय तेही तुम्हाला ठाऊक आहे. अनिलभाऊजींना फोन करतो म्हणा. एकदा तोंडाने म्हणा, मग बघा कसा येतो."

मनोहररावांचा चेहरा आक्रसला. अनिल हा त्यांचा धाकटा भाऊ, बायको दीपासह नागपूरला असतो. अकरा वर्षांपूर्वी अण्णा गेले तेव्हा मनोहरराव विमानात होते. ते पोचण्याच्या तेरा तास आधी अनिलने अग्नी देऊन टाकला होता. थोरला मुलगा मी, बाप माझा, आणि मला शेवटचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही! चारचौघांत त्यांनी अनिलला विचारलं होतं, "एवढी कसली घाई झाली होती तुला?" त्यानंतर मनोहरराव त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

"त्याचं नाव काढू नकोस," ते उठले.

"मग नका करू फोन. पण ते पान उचलून पेटीत ठेवू या. पाटी वाचलीत ना? आणि मला भूक लागलीय."

"कावळा शिवल्याशिवाय अण्णांचं पान उचलायचं नाही!"

एवढं बोलून ते सायकलवर बसले आणि रेल्वेच्या जुन्या बोगद्यापर्यंत जाऊन येतो म्हणून निघाले. शुभाताईंचा गुडघा सुजला होता, त्या तिथेच थांबल्या. हट्टी माणसाला राग आला की तो निघून जातो, आणि त्याच्या हट्टाची राखण करायला बायको मागे राहते.

बोगदा चढावर, अर्ध्या तासावर होता. निम्म्या वाटेत खडीवर विष्ठेचा एक ढीग दिसला, काळपट, रानफळांच्या बियांनी भरलेला. ताजा होता. कोणाचा तरी कुत्रा असेल, असं मनोहररावांनी स्वतःला सांगितलं. दोन दिवसांत एकही कुत्रा दिसलेला नव्हता.

बोगद्याच्या तोंडाशी ते उतरले. आतून गार, ओलसर हवा येत होती. घाम वाळू लागला तसा त्यांना वाऱ्याचा रोख कळला. वारा ओढ्याकडून वर जंगलात चालला होता. म्हणजे तुपाचा, खिरीचा, वड्यांचा वास गेले दोन तास जंगलभर जात होता. भुकेल्या जनावराला आवतण देऊन त्यांनी ताटाशेजारी बायकोला बसवून ठेवलं होतं.

कसेबसे ते सायकलवर चढले आणि उतारावर ब्रेक न दाबता सुटले. "शुभा! शुभा!" ते हाका मारत राहिले. उत्तर येत नव्हतं.

वळण ओलांडलं आणि त्यांना अस्वल दिसलं.

दगडापाशी उभं होतं ते, काळं, मोठं, ताटली पंजाखाली धरून. त्याच्या पलीकडे, ओढ्यात, पाण्याची बाटली हातात घेऊन शुभाताई होत्या. आणि शुभाताईंच्या मागे, झाडाच्या बुंध्याला धरून, एक पिल्लू चढलं होतं. आई आणि पिल्लू यांच्या मधोमध बायको उभी होती. मनोहररावांच्या सायकलच्या चड्डीत ऊब पसरली, आणि काय झालं हे कळायलाही त्यांना थोडा वेळ लागला.

उतार समोर मोकळा होता. पाय मारला असता तर एका मिनिटात ते लांब गेले असते. हा विचार त्यांच्या मनात आला. आला हे ते पुढे कधी विसरले नाहीत.

त्यांनी सायकल सोडली. "इकडे बघ," ते अस्वलाला म्हणाले. अस्वलाने मान फिरवली. दात एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला. "शुभा, पिल्लापासून लांब हो. डावीकडे. हळू. पळू नकोस." मग पुन्हा अस्वलाकडे वळून, "तू माझ्याकडे बघ. मी बोलतोय ना? माझ्याकडे बघ."

अस्वलाने पंजा जमिनीवर आपटला आणि तीन-चार ढांगांत ते एकदम अंगावर आलं. सायकलच्या पलीकडे येऊन थांबलं. त्याच्या तोंडाला खीर लागली होती.

बोलत राहायचं होतं. शंभरापासून उलटे आकडे मोजायला त्यांनी सुरुवात केली, पण सत्त्याण्णवच्या पुढे आकडे सुचेनात. त्यांचा तो शांत, सवयीचा आवाज तेवढा चालू राहिला आणि त्यातून भलतंच बाहेर पडू लागलं.

"मे महिना होता. नागपूरला सत्तेचाळीस होतं. मला कळत होतं रे, डॉक्टर आहे मी. कसं ठेवणार घरात? मी पोचेपर्यंत पंचवीस तास कसं ठेवणार? त्याने बर्फ आणला होता, दोनदा आणला होता, दीपाने सांगितलं होतं मला. मला उशीर झाला होता. मीच निघालो नाही वेळेवर. अण्णा सीरियस आहेत असं तो चार दिवस सांगत होता आणि मी म्हटलं, बघू, वीकेंडला बघू. माझी चूक होती. त्याच्या गळ्यात बांधली मी. ऐकतोयस ना? तिला जाऊ दे. करतो मी फोन. तिला जाऊ दे फक्त."

शुभाताई सुजलेला गुडघा ओढत दगडगोट्यांवरून एकेक पाऊल सरकत होत्या. पिल्लू धपकन खाली उतरलं आणि ताटलीकडे धावलं. अस्वलाने एकदा मागे पाहिलं, एकदा मनोहररावांकडे. मग वळून पिल्लाशेजारी गेलं. दोघांनी मिळून उरलंसुरलं चाटून संपवलं आणि झाडीत निघून गेली.

शुभाताई त्यांच्यापाशी पोचल्या तेव्हा मनोहरराव अजून बोलतच होते. त्यांनी नवऱ्याच्या तोंडावर हात ठेवला. "गेलं ते. बास आता." मग त्या रस्त्यावरच बसल्या.

तिथे राहण्याचा प्रश्नच नव्हता. तंबू कसातरी गुंडाळून, एकमेकांना खेटून, मोठ्याने बोलत त्यांनी सायकली बोगद्यापर्यंत ढकलत नेल्या आणि दिव्याच्या उजेडात तो पार केला. पलीकडच्या गावात पोचेपर्यंत सहा वाजले होते. पेट्रोल पंपाच्या बाकावर बसल्यावर शुभाताईंच्या मोबाइलला रेंज आली. भारतात फोन करायच्या कॉलिंग कार्डाचा लांबलचक नंबर त्यांनी न बघता दाबला, मग नागपूरचा. त्या दर दिवाळीला दीपाशी बोलत असत. मनोहररावांना हे माहीत होतं आणि माहीत नसल्याचं ते दाखवत असत.

नागपुरात पहाटेचे साडेतीन वाजले होते. बऱ्याच वेळाने फोन उचलला गेला.

"अनिल," मनोहरराव म्हणाले.

पलीकडून अनिलचा आवाज आला, म्हातारा झालेला, घाबरलेला.

"दादा? कोण गेलं? वहिनी बऱ्या आहेत ना? दादा, बोल ना, कोण गेलं?"

आपला फोन आला म्हणजे कोणीतरी गेलंच असणार, एवढंच नातं त्यांनी भावाकडे शिल्लक ठेवलं होतं. मनोहररावांनी शांत आवाज काढायचा प्रयत्न केला. अस्वलासमोर निघाला होता, आता निघेना.

"कोणी गेलं नाही," ते म्हणाले. "शुभा आहे इथे. बरी आहे. अनिल, मे महिना होता रे. थांबणं शक्यच नव्हतं."

अनिलच्या मागून दीपाने झोपेत विचारलं, कोण आहे, आणि अनिल म्हणाला, दादा आहे. मग त्याने नाक ओढलं.

"दादा," तो म्हणाला, "सप्तमी होती ना. जेवलास का तू?"

"नाही अजून," मनोहरराव म्हणाले, आणि त्या बाकावर, लोकांसमोर, मोठ्याने रडू लागले.