बबिताच्या नावाचा एक्स-रे

वॉर्डात ड्युटी लागण्याआधी नर्सिंगच्या मुलींची तपासणी व्हायची. काविळीच्या लशीचे डोस पूर्ण हवेत, रक्त तपासलेलं हवं, छातीचा एक्स-रे स्वच्छ हवा. त्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही, असं सुभद्रा मॅडमनी बजावून ठेवलं होतं. परळीच्या त्या कॉलेजात मॅडमच्या शब्दापुढे कुणी जात नसे.

उज्ज्वला आणि बबिता एकाच खोलीत राहायच्या. उज्ज्वलाचे वडील धुळाजी मेंढरांमागं रानोमाळ हिंडायचे; त्यांच्या घरात दहावीच्या पुढं शिकलेली ती पहिलीच. बबिता शेतकऱ्याच्या घरातली, थोरल्या भावाच्या, भागवतच्या, मर्जीवर शिकणारी. दिवाळीपासून ती खोकत होती. अंगानंही उतरली होती. कुणी विचारलं की म्हणायची, "थर्मलची राख हाय, दुसरं काय." वीजकेंद्राच्या राखेनं परळीत निम्मं गाव खोकतं, म्हणून कुणी पुढं विचारत नसे.

एक्स-रेच्या दिवशी सकाळी तिनं उज्ज्वलाचा हात धरला.

"उज्जे, माझ्या जागी तू जा."

"येडी झालीस का? कशापायी?"

"माझ्यात काय निघालं तर ड्युटी न्हाई. वर्ष गेलं म्हंजे. दादानं सांगून ठेवलंय, एक वर्ष जरी मागं पडलीस तर लगीन लावून देतो."

"आन् खरंच काय असलं तर?"

"काय नसतंय गं. राखंचा खोकला हाय."

लांबलेला खोकला, संध्याकाळची कणकण, घटलेलं वजन. उज्ज्वलाला पुस्तकातलं सगळं पाठ होतं. तरी ती गेली. सकाळी स्वतःच्या नावानं, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर मशीनवरचा माणूस बदलल्यावर, मास्क लावून, बबिताच्या नावानं. "श्वास धरा," तो म्हणाला. तिनं श्वास धरला. आत्ताच सांगून टाकावं असं तिला वाटलं. तोवर "झालं, निघा," म्हणून त्यानं पुढचं नाव पुकारलं.

दोघींची ड्युटी बाळंतिणींच्या वॉर्डात लागली. तिथं सत्यभामा होती. तिची मुलगी वजनानं कमी जन्मली, म्हणून मायलेकींचा मुक्काम लांबला होता. बबिताला त्या पोरीचा लई लळा लागला. सत्यभामा जेवायला बसली की ती बाळ मांडीवर घेई, मास्क खाली ओढून त्याच्याशी बोलत बसे. उज्ज्वला लांबून बघे. "मास्क वर घे," एवढंच ती म्हणायची.

एका दुपारी बेसिनपाशी खोकताना बबिताच्या तोंडातून रक्त आलं. थुंकी तपासली तर टीबी निघाला.

"एक्स-रे तर स्वच्छ होता पोरीचा," सुभद्रा मॅडम हळहळल्या. "इथंच कुणाकडून तरी लागण झाली असणार."

मग वॉर्डातल्या बाया आणि बाळं सगळ्यांची तपासणी झाली. सत्यभामाच्या लेकीत आजार सापडला नाही, पण एवढ्या जवळून संपर्क आल्यामुळं तिला काही महिने रोज औषध द्यावं लागणार होतं. डॉक्टर हे सांगून गेले आणि सत्यभामाची सासू, छबुबाई, कॉटपाशी उभी राहून सुनेला बोलू लागली.

"हिचा आजा खोकून खोकूनच मेला. माहेरचं दुखणं घेऊन आली अन् लेकराला लावलं. सोड ती पोर, पाजू नको!"

"आत्या, माझी थुंकी तपासली की, काय न्हाई निघालं," सत्यभामा रडत म्हणाली.

"गप बस. माझ्या रामकिसनला सांगून तुला माहेरीच धाडते."

छबुबाईनं बाळ ओढून घेतलं. बाळ कळवळून रडायला लागलं. उज्ज्वलाच्या हातात औषधांचा ट्रे होता, तो तिनं खाली ठेवला.

"आजी, द्या ती पोर त्यांच्याकडं. त्यांच्यामुळं न्हाई झालं. बबिताला आधीपासून होता आजार. तिचा एक्स-रे मी काढला. तिच्या नावानं मी उभी राहिले."

दारात सुभद्रा मॅडम उभ्या होत्या. पण उज्ज्वला सत्यभामाकडंच बघत होती.

"तुला ठावं होतं?" सत्यभामानं विचारलं. "तरी माझं लेकरू तिच्या मांडीवर राहू दिलंस?"

शंका होती, खात्री नव्हती, असं म्हणता आलं असतं.

"हो," उज्ज्वला म्हणाली.

दोघींनाही वर्षभरासाठी कॉलेजातून काढलं. पुढच्या वर्षी तपासण्या नव्यानं करून परत या, म्हणाले. बबिताला न्यायला भागवत आला. तो ओरडला नाही. पिशव्या उचलता उचलता त्यानं विचारलं, "माझ्या भेवानं केलंस व्हय?" बबितानं मान डोलावली. तिच्या हातातली पिशवीही त्यानं घेतली. जाताना बबिता उज्ज्वलाशी बोलली नाही. पुढं तिचं वजन वाढलं, खोकला गेला, हे उज्ज्वलाला दुसऱ्यांकडून कळलं.

उज्ज्वला वडिलांकडं मेंढरांवर गेली. धुळाजींनी सगळं ऐकून घेतलं. "ज्यांचं लेकरू हाय, त्यांच्या दारात जाऊन ये," एवढंच ते म्हणाले. जायला तिला बरेच दिवस लागले.

सत्यभामाचं गाव सिरसाळ्याकडं. ती अंगणात बाळाला औषध पाजत होती. बाळ बाळसं धरलेलं, औषध थुंकून टाकणारं. उज्ज्वला मदतीला पुढं झाली, तसं सत्यभामानं बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं.

"बसा," ती म्हणाली. "चहा ठेवते."

बाळाला कडेवर घेऊनच ती आत गेली.