सात महिन्यांचा महाजन

"लिही," गणपतकाका म्हणाले. "पांडुरंगाच्या नावासमोर लिही, निर्वंश."

पांडुरंग म्हणजे माझे बाबा. मागच्या श्रावणात गेले. देवस्थानच्या महाजनांची, म्हणजे देवळावर वंशपरंपरेनं हक्क असलेल्या पुरुषांची, वही गेली बारा वर्षं मी लिहिते, आणि आज समितीच्या बैठकीत देवस्थानचे हे अध्यक्ष मला माझ्याच बापाचं घर बंद करायला सांगत होते. तेसुद्धा चहा पिता पिता. निर्वंश म्हणून नोंद झालेल्या घरापुढे जत्रेत पालखी थांबत नाही, सरळ पुढे जाते. आमच्या घरात आई होती. जानकी, वय शहात्तर. पन्नास वर्षं तिनं त्या दारात पालखीला ओवाळलं होतं.

"निर्वंश कसो? मी आसंय ना, काका."

"चेडवाचां नाव वहीत येणा नाय, सुप्रिया. तुका ठावक आसा. उद्या लगीन करून गेलंस तर?"

"मी अठ्ठेचाळीस वर्षांची आसंय."

यावर कुणीही हसलं नाही. माझा चुलतभाऊ श्रीनाथ खाली बघत होता. त्यानं एक कागद माझ्यापुढे सरकवला. त्याच्या साईशचा जन्मदाखला. वय सात महिने. त्याचं नाव आजच महाजनांत घालायचं होतं. पोराला धड दात फुटलेले नाहीत आणि गावच्या देवळावर त्याचा हक्क लागला.

माझं डोकंच फिरलं. संध्याकाळी मी स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्या घेते. पोरांना दरवर्षी सांगते, स्वीडनच्या राजाला मुलगा झाला, थोरली बहीण असताना तो युवराज झाला. मग कायदा बदलला. तेव्हा तोही सात महिन्यांचाच होता. वारसा त्याच्याकडून काढला आणि बहिणीला दिला. तेच मी तिथं घडाघडा सांगितलं.

"थंय राजे आसत, हंय देव आसा," गणपतकाका म्हणाले. "देवाच्या कामात तुजी बुकां नकोत."

देवाचं नाव पुढे केलं की यांना सगळं माफ. समया घासायला बाई चालते. नैवेद्य रांधायला चालते. वही लिहायला चालते. फक्त वहीत चालत नाही. मी पेन टेबलावर आपटलं.

"तुमीच लिवा."

त्यांनी लिहिलं, वेड्यावाकड्या अक्षरात. मी वही ओढून घेतली आणि मागची पानं उलटत गेले. निर्वंश. निर्वंश. आमच्या समोरच्या सिंधूवैनीचं घर, तेही निर्वंश. नवरा गेला तेव्हा तिला चार मुली होत्या, झील नव्हता. बारा वर्षांत अशी अकरा घरं झाली आणि ती सगळी मी लिहिली होती, वळणदार अक्षरात, खाली रेघ मारून. बहुतेक घरांत मुली होत्या. माझा हात एकदाही अडखळला नव्हता. गणपतकाकांचा मला संताप आलाच होता, पण स्वतःचा जास्त आला.

जत्रेच्या सकाळी मी आईला म्हटलं, यंदा काही करू नकोस. तिनं ऐकलं नाही. अंगण सारवलं, रांगोळी घातली, निरांजन लावून ताट घेऊन दारात उभी राहिली. ढोल जवळ आले. पालखीपुढे गणपतकाका चालत होते. आमचं दार आलं तसे ते दुसरीकडे बघू लागले. पालखी थांबली नाही. पुढे श्रीनाथच्या दारात थांबली आणि त्यानं साईशला उचलून पालखीला टेकवलं. पोर ढोलांना भिऊन किंचाळत होतं.

आई तशीच उभी होती. निरांजन विझलं तरी उभी होती. शेवटी रस्ता ओलांडून सिंधूवैनी आली. तिनं आईच्या हातातलं ताट काढून घेतलं, खाली ठेवलं आणि तिला पायरीवर बसवलं.

"पयलां वरस जड जाता, काकी," ती म्हणाली. "मागीर सवय होता."

मग तिनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. तिनं शिवी घातली असती तर मला बरं वाटलं असतं.