एकेचाळिसावा तारा

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. चौकट पितळेची, दोन बिजागऱ्या, आणि घडी घातली की काड्यापेटीएवढा आकार. सध्या मी राणीसावरगावच्या शाळेत, विज्ञानाच्या कपाटात, सर्वांत खालच्या खणात पडून असते. माझ्या काचेला एका कडेने तडा गेला आहे. पण आज मी तोंड उघडले आहे ते त्या तड्यासाठी नाही, तुमच्या पद्मजाबाईंसाठी.

माझी काच अंबाल्याच्या एका कारखान्यात घासली गेली. घासणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने मला तीनदा बाजूला टाकले आणि चौथ्यांदा पसंत केले. माझ्या तळाला एक इंचाचा चौकोन कापलेला आहे आणि त्याच्या कडेने बारीक रेघा आहेत. कापडावर मला ठेवायचे आणि एका इंचात किती धागे बसले ते मोजायचे, यासाठी मला बनवले होते. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका कापडगिरणीत मी पोहोचले आणि तिथले कापड तपासनीस काशीनाथ यांच्या सदऱ्याच्या खिशात सतरा वर्षे राहिले.

काशीनाथांचा शब्द गिरणीत शेवटचा असे. त्यांनी ताग्यावर खडूची फुली मारली की मॅनेजरसुद्धा गप्प बसत. १९८१ साली गिरणी बंद पडली. ते साहेबांना विचारून मला घेऊन आपल्या गावी, गंगाखेडला आले. मग पेटीत, धोतरजोडीखाली, मी काही वर्षे अंधारात काढली. काशीनाथांची पत्नी आधीच वारली होती. घरात ते आणि त्यांची मुलगी पद्मजा, एवढेच.

पद्मजाबाई भौतिकशास्त्र शिकल्या आणि गावातल्या एका महाविद्यालयात शिकवू लागल्या. नोकरी कायम नव्हती. डॉक्टरेट मिळाली तर कायम होईल, असे त्यांना सांगण्यात आले होते. १९८६ साली त्यांनी औरंगाबादचे प्राध्यापक व्यंकटराव यांच्याकडे नाव नोंदवले. त्यांचा विषय ऐकून गावातले लोक हसत. आपल्या आकाशगंगेच्या शेजारी त्रिकोण नावाच्या तारकासमूहात एक दीर्घिका आहे. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एक प्रचंड समूह. तिथून निघालेल्या उजेडाला आपल्यापर्यंत यायला पंचवीस लाखांहून अधिक वर्षे लागतात. त्या समूहातला एकेक तारा वेगळा काढून तो किती तेजस्वी आहे, हे बाईंना शोधायचे होते.

परदेशातल्या मोठ्या दुर्बिणींनी काढलेली त्या दीर्घिकेची छायाचित्रे व्यंकटरावांकडे होती. त्यांच्या मोठ्या प्रती बाईंनी गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून गंगाखेडला आणल्या. त्यात आकाश पांढरे होते आणि तारे काळे ठिपके. ठिपका जेवढा मोठा, तेवढा तारा तेजस्वी. पण ते ठिपके मोजायचे यंत्र औरंगाबादला एकच होते आणि त्याच्यापुढे सदा रांग असे.

"मोजायचंच हाय ना? मग हे घे," काशीनाथ म्हणाले आणि त्यांनी पेटीतून मला काढले.

त्या दिवसापासून माझे खरे आयुष्य सुरू झाले. कॉलेज सुटले की बाई ओसरीतल्या टेबलावर छायाचित्र अंथरत आणि मला त्यावर ठेवत. काशीनाथ शेजारी वही घेऊन बसत. बाई आकडा सांगत, ते उतरवून घेत.

"डोळा लावायची घाई करू नको बाई," ते सांगत. "आधी श्वास सोड, मग मोज. अन् एकदा मोजलेलं खरं धरू नको. तीनदा मोज."

चार वर्षांत बाईंनी दोनशे बारा तारे मोजले, प्रत्येक तीनदा. त्यांतला एकेचाळिसावा सर्वांत मोठा होता. एवढा तेजस्वी तारा त्या दीर्घिकेत कुणी नोंदवलेला नव्हता. व्यंकटरावांनी लिहिले की तुमचा सगळा प्रबंध या एका ताऱ्यावर उभा राहील. काशीनाथ तर बसस्टँडवर चहा पितानाही 'आमच्या बाईचा तारा' म्हणून त्याच्याविषयी बोलत. ज्यांना ते सांगत, त्यांना त्यातले काही कळत नसे, पण ते मान हलवत.

१९९० साली एक मोठी दुर्बीण अवकाशात सोडली गेली. जमिनीवरच्या दुर्बिणींना हवा आड येते आणि ताऱ्यांचे ठिपके पसरतात. ही दुर्बीण हवेच्याही वर होती. व्यंकटरावांचा एक मित्र परदेशात त्या कामावर होता, आणि बाईंच्या दीर्घिकेची छायाचित्रे पाठवायचे त्याने कबूल केले होते. घरात दुसरा विषयच नव्हता. मग दोन महिन्यांनी रेडिओवर बातमी आली की त्या दुर्बिणीचा आरसा कडेने चुकीचा घासला गेला आहे. चूक केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाएवढी होती, आणि तेवढ्याने सगळी चित्रे धूसर येत होती.

काशीनाथांनी रेडिओ बंद केला. "एवढ्या लोकाच्या हातून गेलं असंल ते," ते म्हणाले. "तपासलं कुणीच न्हाई?"

मीही घासलेली काच आहे. मला तेव्हा फार लाज वाटली.

१९९१च्या दिवाळीनंतर छायाचित्रांचे पाकीट आले. प्रत्येक ताऱ्याच्या मध्यभागी एक टोकदार ठिपका होता आणि भोवती टिपकागदावर शाई फुटावी तसा डाग. बाईंनी मला आधी एकेचाळिसाव्यावर ठेवले. काशीनाथ पेन उघडून बसले होते.

"सांग की."

"थांबा जरा आबा."

त्यांनी मला उचलले, पदराने पुसले आणि पुन्हा ठेवले. तिसऱ्यांदाही तसेच केले.

"आबा, हा एक तारा न्हाई. तीन हायेत."

पुढचे आठ दिवस मी त्या टेबलावरून हलले नाही. दोनशे बारांपैकी सदुसष्ट ठिपके एकटे नव्हते. कुठे दोन, कुठे तीन तारे एकमेकांना खेटून उभे होते, आणि जुन्या छायाचित्रांत ते एकच दिसले होते. बरे, त्यांतला कोणता किती तेजस्वी, हेही आता सांगता येत नव्हते, कारण सगळ्यांचे डाग एकमेकांत मिसळले होते. त्या बिघडलेल्या दुर्बिणीने बाईंचे काम मोडण्यापुरते दाखवले आणि पुन्हा उभे करण्यापुरते दाखवले नाही.

व्यंकटराव स्वतः रेल्वेने गंगाखेडला आले. ते भले गृहस्थ होते.

"पद्मजाबाई, प्रबंध टंकलिखित होऊन तयार आहे," ते म्हणाले. "मार्चला तुमची मुदत संपते. जुन्या छायाचित्रांत जे दिसलं तेच तुम्ही लिहिलंय. त्यात खोटं काय आहे?"

"लिहिलं तेव्हा खोटं नव्हतं सर. आता आहे."

व्यंकटरावांनी काशीनाथांकडे पाहिले. काशीनाथांनी खाली मान घातली.

"देऊन टाक बाई," ते म्हणाले. "कोण बघायलंय?"

मित्रांनो, सतरा वर्षे मी या माणसाच्या खिशात होते. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. बाईंनी त्यांच्याकडे असे पाहिले की काशीनाथ उठून आत गेले.

बाईंनी प्रबंध दिला नाही. मुदतवाढ मागितली, ती नियमात बसली नाही. मार्च संपला. जूनमध्ये कॉलेजने डॉक्टरेट असलेला दुसरा माणूस घेतला. काशीनाथ त्यानंतर त्या टेबलाशी बसले नाहीत. दुपार झाली की ते छत्री घेऊन कुठेतरी निघून जात. पावसाळ्यात ते तापाने आजारी पडले आणि पंधरा दिवसांत गेले. त्या एका वाक्याबद्दल बापलेक एकमेकांशी कधीच बोलले नाहीत. शेवटच्या दिवशी बाई त्यांच्या उशाशी बसून वाट पाहत होत्या. काशीनाथांचे ओठ हलले, पण त्यांनी पाणी मागितले.

पुढे बाईंना राणीसावरगावच्या या शाळेत नोकरी लागली. पर्समधून त्यांच्याबरोबर मीही आले. १९९३च्या डिसेंबरात माणसांनी अवकाशात जाऊन ती दुर्बीण दुरुस्त केली. पुढच्या महिन्यात मराठवाडा विद्यापीठाचे नामांतर झाले, एसटी बरेच दिवस बंद राहिली, टपाल अडकले, आणि व्यंकटरावांचे पाकीट फेब्रुवारीत पोहोचले. ते आता निवृत्त झाले होते. पत्रात लिहिले होते, 'तीन नव्हेत, पाच आहेत. तुम्ही थांबलात हे बरोबर होते. माझ्या मित्राच्या मंडळींनी सगळे तारे मोजले आहेत, यादी लवकरच छापून येईल. सोबत तिची आणि नव्या छायाचित्राची प्रत जोडतो.'

रविवारची दुपार होती आणि शाळा रिकामी होती. बाईंनी मला नव्या छायाचित्रावर, एकेचाळिसाव्याच्या जागी ठेवले. पाच स्वच्छ, सुटे ठिपके होते. त्यांनी प्रत्येक तीनदा मोजला, आकडे पाकिटाच्या पाठीवर लिहिले आणि यादीशी ताडून पाहिले. चार जवळजवळ तंतोतंत जुळले. पाचवा थोडा कमी पडला. यादीच्या खाली नऊ जणांची नावे होती. ती त्यांनी सगळी वाचली. मग माझी घडी घातली, मला या खणात ठेवले आणि कपाट लावले.

तेव्हापासून त्यांनी मला हात लावलेला नाही. मुलांनी मला उन्हात धरून कागद जाळले, एकदा फरशीवर पाडले. त्याचा मला राग नाही. विज्ञानाच्या पुस्तकात ताऱ्यांचा धडा आला की बाई तो मान वर न करता वाचून दाखवतात आणि पुढच्या धड्याला लागतात. आमच्यात आता फक्त कपाटाचे दार आहे, पण त्या मला दूर गेल्यासारख्या वाटतात.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, अशी विनंती मी करणार नाही. तडा गेलेली काच पुसून काय होणार? पण स्वतःची चूक स्वतः उघडी करणारे माणूस तुम्हाला कधी भेटले, तर त्याला एकटे सोडू नका. पद्मजाबाईंच्या शेजारी त्या दिवसांत कुणी बसले नाही, ज्यांनी बसायला हवे होते त्यांनीही नाही. उद्या विज्ञानाच्या तासाला त्या फळ्याकडे तोंड करून उभ्या असतील. तुमच्यापैकी एकाने हात वर करून एवढेच विचारा, "बाई, तारे कसे मोजतात?"

त्यांनी लगेच उत्तर दिले नाही, तरी हात खाली घेऊ नका.