रोज उभे राहता तसे

मी शिंपी. अक्षरं शिकलो तेव्हा माझ्या मुलाला मिसरूड फुटलं होतं. तो परीक्षेचा अभ्यास करायचा आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मी बाराखडी गिरवायचो. मग वाचायची जी चटक लागली ती सुटलीच नाही. आपली भाषा हाताखाली आल्यावर मी इंग्रजीवर डोळा ठेवला. शेवटी दुकान मुलाकडे सोपवलं आणि विद्यापीठाच्या भाषा विभागात जाऊन उभा राहिलो.

माझ्याकडे शाळेचा दाखला नव्हता. त्यांनी एका अटीवर घेतलं: ‘इंग्रजी व्याकरणाची ओळख’ हा पहिल्या सत्राचा विषय सुटला तर राहायचं, नाहीतर घरी. मी म्हटलं, चालेल. कोटाला कॉलर बसवणाऱ्या माणसाला व्याकरणाची कसली भीती? घरी येऊन हिला सांगितलं तर ही म्हणाली, “जा बाई एकदाचे. दिवसभर माझ्या पायात येण्यापेक्षा बरं.”

वर्गातली पोरं माझ्या नातवंडांच्या वयाची. त्यांनी पहिल्याच दिवशी मला मास्तर करून टाकलं. शिंप्याला सगळे मास्तरच म्हणतात, पण फळ्यापाशी मॅडम आणि मागच्या बाकावर मास्तर, याचं मॅडमनाही हसू यायचं. त्या माझ्या मुलीच्या वयाच्या. आल्या आल्या त्यांनी टेबलावर फोन ठेवला आणि इथे का आलात ते प्रत्येकाने इंग्रजीत एका वाक्यात सांगा म्हणाल्या. फोन सगळं टिपून घेत होता. माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहून म्हणालो, “आय कटिंग कोट थर्टी इयर, नाऊ आय कटिंग इंग्लिश.” पोरं हसली, मीही हसलो.

मग त्यांनी विषय समजावला. शाळेतलं व्याकरण कुठलं वाक्य बरोबर आणि कुठलं चूक ते सांगतं. इथे तसं नाही. इथे माणसं खरोखर कशी बोलतात ते ऐकायचं, ते वाक्य कशावर उभं आहे, कुठला तुकडा कुठल्या तुकड्याला जोडलाय ते बघायचं. मी सगळं उतरवून घेतलं. समजलं असंही वाटलं.

विषय सुटायचा तो एका चाचणीवर. तीत त्यांनी लोकांची बोललेली वाक्यं ऐकवली. ती लिहायची, तुकडे वेगळे करायचे, जोड दाखवायचे. पहिलंच वाक्य कुणा बस ड्रायव्हरचं: “ही डोन्ट नो नथिंग.” हे चूक आहे, एवढं मला पुस्तकावरून ठाऊक होतं. मग हात थांबेना. नवे कोट शिवायचोच, पण माझ्याकडे निम्मे कपडे यायचे तेच मुळी काहीतरी बिघडलंय म्हणून. बाही लांब, कंबर ढगळ, अस्तर उसवलेलं. हातात आलेली वस्तू दुरुस्त न करता परत द्यायची हे मला माहीतच नाही. मी ड्रायव्हरला नीट केलं, बाजारातल्या बाईला नीट केलं, कुणाचं अर्धवट सुटलेलं वाक्य होतं त्याला छान दुमड घालून दिली. सगळ्यांच्या आधी पेपर दिला आणि शीळ घालत जिना उतरलो.

पेपरवर शून्य मिळालं. मॅडमनी खोलीत बोलावून खुर्ची दिली आणि सांगितलं, की तुमची इंग्रजी बरीच पुढे गेली आहे, पण मी विचारलं ते यात कुठेच नाही. ड्रायव्हर काय बोलला हेच पेपरात उरलेलं नाही. अजून एकदा बसता येईल, त्यानंतर त्यांच्याही हातात काही नव्हतं.

हिला कळलं तेव्हा ही खूष झाली. “इतकी वर्षं माझं प्रत्येक वाक्य दुरुस्त करत आलात. सापडलात ना?” मुलगा म्हणाला, बाबा, खिडकीजवळचं मशीन अजून तुमचंच आहे. मायेने म्हणाला, पण मला ते सुईसारखं टोचलं. मला त्या मशीनवर परत बसायचं नव्हतं. मी संज्ञा पाठ केल्या, व्याख्या पाठ केल्या. सरावाला वाक्य घेतलं की पेन्सिल मात्र पुन्हा दुरुस्तीकडेच धावायची.

तशात एका दुपारी दुकानात जाऊन बसलो होतो. एक गृहस्थ कोट शिवायला आले. त्यांचा डावा खांदा उतरता. आरसा दिसताच त्यांनी श्वास ओढला, छाती काढली, खांदा वर उचलला. मुलगा टेप लावणार, तेवढ्यात मी खुर्चीतूनच बोललो, “रोज उभे राहता तसेच उभे राहा. कोट तुम्ही घालणार, आरसा नाही.” ते हसले आणि सैल उभे राहिले. मुलाने दोन्ही खांद्यांची मापं वेगवेगळी लिहिली.

हे वाक्य मी जन्मभर बोलत आलो होतो. माप घेताना खांदा वाकडा तर वाकडाच लिहायचा. माणसाला सरळ करायला जाल तर कोट कुणालाच बसणार नाही. टेप हातात असते तेव्हा कात्री खाली असते. मॅडमनी माप मागितलं होतं, आणि मी कात्री घेऊन बसलो होतो. मी एकटाच हसायला लागलो. मुलाने विचारलं काय झालं. म्हटलं, काही नाही, पोराच्या दुकानात शिकवणी झाली, तीही फुकट.

दुसऱ्या चाचणीला मी गळ्यात टेप अडकवूनच गेलो. शेजारच्या पोरीने विचारलं, “मास्तर, आज कुणाचं माप?” म्हटलं, येईल त्याचं.

या वेळी मी घाई केली नाही. कुणी अडखळलं तर अडखळणं लिहिलं, कुणी शब्द गाळला तर गाळलेलाच ठेवला, आणि मग सावकाश जोड शोधले. वाकड्या वाक्यालाही शिवण असते, आणि ती पक्की असते, हे तेव्हा दिसलं.

शेवटचं वाक्य लागलं. “आय कटिंग कोट थर्टी इयर,” फोनमधून माझाच घोगरा आवाज आला. सगळा वर्ग मागे वळला. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

पेन्सिल उचलली. कुठे काय कमी आहे ते आता मला चांगलंच दिसत होतं, आणि हात शिवशिवत होता. मी टेपचं टोक मुठीत धरलं आणि ते वाक्य जसं उभं होतं तसं लिहिलं.

निकाल लागला त्या संध्याकाळी मी मुलाला सांगितलं, की खिडकीजवळचं मशीन आता विकून टाक. तिथे उजेड चांगला येतो, माझं अभ्यासाचं टेबल बसेल.