केसांवरचं तीर्थ

बंधारा झाला आणि गावाला स्वतःची घाण स्वतःजवळ ठेवायची सोय झाली. आधी नदी वाहायची, तेव्हा गटारं, म्हशींचं शेण, सगळं खालच्या गावाला फुकट पोचायचं. आता पाऊस सरला की बंधाऱ्याला लोखंडी ढापे बसतात, पाणी अडतं आणि आपलं आपल्याला पुरतं. त्यावर हिरवी साय धरते. तिला सरपंच समृद्धी म्हणतात.

प्रयागबाईंचं कार्तिकस्नान मात्र कधी चुकलं नव्हतं. पहाटे नदीत बुडी, तांब्याभर पाणी महादेवाला आणि त्यातलंच तीर्थ घरात सगळ्यांना. त्याआधी कुणी घास तोंडात घालायचा नाही, हा नेम. मोठ्यांना ते पचत होतं. न पचलं तरी कुणी सांगत नव्हतं. नात श्रेया तर ओंजळ धरून सगळ्यांच्या आधी उभी.

ढापे बसल्यापासून श्रेयाला आव पडत होती. औषधानं थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. पोरीच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. मंचरच्या डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पिते?"

"जारचं," सून साधना म्हणाली आणि तिनं सासूकडं बघितलं.

"आन् तीर्थ," प्रयागबाई हळूच म्हणाल्या. "पर त्ये काय पाणी न्हाई."

"आजी, ते जंतूंना कळत नाही ना! साचलेल्या पाण्यात गटार येतं, त्यातून ते पोटात जातात. उकळून द्या, नाहीतर पोरगी पुन्हा इथंच."

उकळलेलं तीर्थ! प्रयागबाईंनी मनातल्या मनात देवाची माफी मागितली, डॉक्टरांच्या वतीनंही.

दुसऱ्या दिवशी बंधाऱ्यावर आमदारसाहेबांच्या हस्ते जलपूजन होतं. सरपंच सोपान प्रयागबाईंचा पुतण्या. "काकू, तुमी नेमाच्या बाई. सायबांना तीर्थ तुमच्याच हातनं."

साहेबांनी नारळ फोडला, ही आपली गंगा, असं भाषण केलं. प्रयागबाईंनी नदीचं पळीभर पाणी त्यांच्या तळहातावर घातलं. साहेबांनी डोळे मिटले, हात ओठांजवळ नेला आणि मोठ्या भक्तीनं केसांवर पुसला. सोपाननंही पुसला. मागची सगळी कमिटी ओळीनं केस पुसत गेली. मग सगळे बाटल्यांची सीलं तोडून घटाघटा पाणी प्याले.

प्रयागबाई पळी धरून उभ्याच राहिल्या. एवढ्या भाविकांच्या गावात हे तीर्थ मनोभावे गिळणारी एक पोर होती, आणि ती घरी पोट धरून निजली होती.

दुसऱ्या पहाटे त्यांनी बुडी मारली, तोंड घट्ट मिटून. नदीचं पाणी आणून चुलीवर चांगलं खळाळून उकळलं, निववलं, महादेवावर घातलं. "देवा, तुला इख पचलं. आमची पोर ल्हान हाय."

तेवढ्यात सोपान आला. "काकू, सायब लई खूश! कालचं तीर्थ लई आवडलं त्यांना."

"दिसलं की. केस चमकत व्हते." प्रयागबाईंनी दोन तांबे पुढं ठेवले. "ह्यात तुजी गंगा, जशी हाय तशी. ह्यात चुलीवरची. कंचं देऊ, बाळा?"

सोपाननं दाराकडं पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं. "उकळलेलंच द्या. घसा जरा धरलाय."

"थांब, आधी तिला."

श्रेया ओंजळ धरून उभीच होती. तिचं झाल्यावर त्यांनी सोपानच्या तळहातावर पळी रिकामी केली आणि नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाल्या,

"पी आता. डोक्याला न्हाई लावायचं."